पाहुणे नसलेलं गाव

आमचे दाजी तुम्हाला कुठं भेटलेच, तर एक करा: त्यांना तुमचं गाव सांगू नका. सांगितलंत तर तुमची गाडी चुकेल. गाव कळलं की ते आडनाव विचारतील, मग आईचं माहेर, मग बहीण कुठं दिली, आणि चहा येईपर्यंत तुम्ही त्यांचे पाहुणे झालेले असाल. आमच्याकडं पाहुणा म्हणजे नुसता घरी आलेला माणूस नव्हे. पाहुणा म्हणजे नात्यातला, मग ते नातं कितीही लांबून वळसा घालून आलेलं असो. माझ्या लग्नात फोटो काढायला आलेल्या माणसाला दाजींनी मांडवातच माझ्या सासऱ्यांचा मावसभाऊ ठरवलं, आणि तो खरंच निघाला. झालं, पाहुण्याला कामाला कसं लावायचं? त्याचा कॅमेरा खुंटीला आणि तो पहिल्या पंगतीला. त्यामुळं माझ्या अल्बममध्ये नवरदेव पारावरून निघतो आणि थेट वरातीत दिसतो. मधल्या वेळात माझं लग्न झालं याला कागदोपत्री पुरावा नाही. बायको अधूनमधून या मुद्द्याकडं लक्ष वेधते.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. नाव विठ्ठलराव, पण सगळ्या भोकरदनचे ते दाजीच. एस.टी.त वाहतूक नियंत्रक. स्टँडवरच्या खिडकीत बसून माईकवर गाड्या पुकारायचे, आणि आयुष्यभर माईकसमोर बोलल्यामुळं घरातही तसंच बोलायचे. "रुक्मिणबाई, भाजी अजून फलाटाला लागलेली न्हाई, भाकरीनं तिची वाट पाहू नये." आक्का आतून ओरडायची, "गाडी रद्द झालीय! लोणच्यासोबत खा!" आमचं बालपण त्या संसाराकडं बघत हसण्यात गेलं आणि तारुण्य त्या संसाराच्या पिशव्या उचलण्यात.

भोकरदनला त्यांच्या घराला पुढं दोन खोल्या होत्या, भाड्यानं द्यायच्या म्हणून बांधलेल्या. दिल्याही. पण भाडं काही आलं नाही. पहिले आले ते अंबड तालुक्यातले एक शिक्षक. दाजींनी गाव विचारलं. अंतरवाली सराटी. "अंतरवालीला कोणाचे?" पुढची पाच मिनिटं मी स्वतः ऐकली आहेत. शेवटी दाजींच्या आत्याची नणंद त्या गुरुजींची चुलती निघाली. पहिल्या महिन्याचं भाडं द्यायला गुरुजी आले तर दाजी दोन्ही कानांवर हात ठेवून उभे. "पाहुण्याकडून भाडं? लोक काय म्हणतील हो!" गुरुजी बदली होईपर्यंत राहिले आणि जाताना आक्काला साडी नेसवून गेले.

मग आक्कानं हुशारी केली. तिनं एक उत्तर प्रदेशातला कुल्फीवाला शोधून आणला. भाषा वेगळी, जात वेगळी, मुलूख वेगळा. आता बघू कसे पाहुणे काढता ते. दाजी दोन दिवस नुसते येरझाऱ्या घालत होते. तिसऱ्या दिवशी कुल्फीवाल्याच्या बोलण्यातून निघालं की तो राजूरच्या यात्रेत गाडी लावायचा, आणि दाजींच्या धाकट्या भावाचं लग्न जमलं ते त्याच यात्रेत, कुल्फी खाता खाता, ह्याच गाडीशी. "म्हणजे सोयरीक ह्यानंच जमवली की!" दाजी म्हणाले. मध्यस्थाचा मान मोठा. भाडं माफ, वर टोपी-उपरणं.

दाजी निवृत्त झाले तेव्हा ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी राहिली नाही. एस.टी.तल्या माणसाची पेन्शन किती, हे एस.टी.तल्या माणसालाच विचारा, तो हसेल. हातात आलेली रक्कम एकदाच येणार होती. आक्काला गुडघ्यांचा त्रास, दाजींना साखर. मुलगी एकच, पुण्याला दिलेली. आक्कानं मला आणि दाजींना ओट्यावर बसवलं आणि सांगितलं, "हे पैसे घरात घालायचे. भाड्याच्या घरात. दर महिन्याला भाडं माझ्या खात्यात आलं पाहिजे. लेकीच्या दारात गोळ्यांच्या पैशासाठी मी उभी ऱ्हाणार न्हाई. अन् घर अशा ठिकाणी, जिथं ह्यांचा एकबी पाहुणा न्हाई."

"असं गाव महाराष्ट्रात न्हाई," दाजी म्हणाले. त्यात खंत नव्हती, अभिमान होता.

"मंग महाराष्ट्राच्या बाहेर."

अशा रीतीनं आमच्या घराण्यात परराज्यातल्या गुंतवणुकीचा विचार सुरू झाला. मोठमोठे लोक त्यासाठी बाजाराचा कल बघतात म्हणे. आमचा कल पाहुण्यांपासून लांब पळण्याचा होता.

या कामाचा तज्ज्ञ म्हणून मला नेमण्यात आलं, कारण मी संभाजीनगरला राहतो आणि मोबाईलवर व्हिडिओ बघतो. मी खरंच पुष्कळ व्हिडिओ बघितले. कोट घातलेली तरुण मुलं सांगत होती की घराची किंमत कमी आणि भाडं त्या मानानं चांगलं, असं शहर शोधा. तिथं नोकऱ्या आहेत का बघा. घर रिकामं किती दिवस राहील ते बघा. लांबून सांभाळणार कोण ते ठरवा. मी ते सगळं आक्काला समजावून सांगितलं. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "हे कळायला कोट कशाला पाहिजे?" एवढ्यावर माझं तज्ज्ञपण आटोपलं आणि मी पिशव्यांच्या खात्यात परत आलो.

दाजींची पद्धत वेगळी होती. नकाशा पुढं घेऊन त्यांनी आधी नावं खोडली. बीदर खोडलं, तिथं चुलत मावशीची नणंद दिलेली. इंदूर भाव ऐकूनच खोडलं. आदिलाबाद खोडलं. "तिथं निम्मं गाव मराठी बोलतं. मी गप ऱ्हायलो तरी लोकं ऱ्हाणार न्हाईत." राहिलेल्या गावांना प्रत्यक्ष भेट. भेट म्हणजे घरं बघणं नव्हे. त्या गावच्या स्टँडवर सकाळी जाऊन बसायचं, शेंगदाणे घ्यायचे आणि उतरणारी माणसं बघायची.

"बाळासाहेब," मला ते चेष्टेनं बाळासाहेब म्हणायचे, "नवी बादली बघ."

"कसली बादली?"

"माणूस उतरला अन् त्याच्या हातात कोरी करकरीत बादली असली, तर तो खोली घेऊन ऱ्हाणार. लग्नाला आलेला माणूस बादली आणत न्हाई, बाजाराला आलेला नवी बादली गाडीत चढताना नेतो, उतरताना न्हाई. बादली, गादीची वळकटी अन् चेहऱ्यावर थोडं रडू. असा माणूस ज्या स्टँडवर उतरतो तिथं खोल्या रिकाम्या ऱ्हात न्हाईत."

मी खिशातला मोबाईल आणखी खोल ढकलला.

बऱ्हाणपूरला आम्ही असेच बसलो. बादल्या बऱ्यापैकी उतरत होत्या, भाव परवडणारे होते, आक्कालाही गाव आवडलं. निघण्याआधी तिनं दाजींना राजूरच्या गणपतीसमोर उभं करून शब्द घेतला होता: तिकडं कोणालाही गाव विचारायचं नाही. दाजी शब्दाचे पक्के. दलाल आला, त्याच्याशी ते हवापाण्याचं बोलले, केळीचं बोलले, गाव विचारलं नाही. मी निर्धास्त झालो. मग दलालानंच विचारलं, "आप लोग कहाँ से?"

"भोकरदन," दाजी म्हणाले. विचारल्याचं उत्तर द्यायला शब्द आड येत नव्हता.

"अरे! जाफ्राबाद के पास? मेरी माँ उधर की है जी!" आणि दलाल तिथल्या तिथं मराठीत आला. दाजींनी आक्काकडं असहाय पाहिलं. मी काय करू, हा पाहुणा आपल्या पायानं चालत आला. पुढचे तीन दिवस आम्ही बऱ्हाणपुरात एकही घर पाहिलं नाही. आम्ही जेवलो. सकाळी एका घरी, दुपारी दुसऱ्या घरी, आणि शेवटच्या दिवशी दलालानं स्वतःच्या भावाचंच घर दाखवलं. उत्तम घर होतं. आक्का फाटकातच थांबली. "भाव करता येईल का ह्यांच्यासंगं? काल ह्यांच्या आईनं माझी ओटी भरली." परतीच्या गाडीत तिच्या मांडीवर नारळ होता आणि ती रागानं खिडकीबाहेर बघत होती. दाजी हळूच मला म्हणाले, "पण माणसं कशी झकास होती न्हाई?" आक्कानं नारळ उचलला. दाजी जागा बदलून बसले.

मग निजामाबाद. जालन्याहून थेट रेल्वे, घरांचे भाव असे की संभाजीनगरात तेवढ्यात आमच्या सोसायटीत गाडी उभी करायची जागाही मिळाली नसती. स्टँडवर बसलो आणि दाजी मोजायचं विसरले, एवढ्या बादल्या. दवाखान्यात काम करणाऱ्या मुली, शिकायला आलेली पोरं, हळदीच्या बाजारात नोकरीला आलेले. आणि मुख्य म्हणजे चारी बाजूंना तेलुगू. दाजींना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. त्यांचा चेहरा गावाबाहेर सोडलेल्या मांजरासारखा झाला आणि आक्काचा उजळला.

दलालाचं नाव यादगिरी. दखनी बोलायचा, त्यामुळं आमचं बरं जमलं. आमच्या आज्यापणज्यांनी निजामाच्या कचेऱ्यांत जी हिंदी उचलली, तिचीच ही थोरली बहीण. "टेन्शन नक्को लो अम्मा," तो म्हणाला, "किराया मैं देखता, मोटर मैं देखता, सब मैंच देखता." आक्कानं त्याला तासभर घासलं. पाणी किती वेळ येतं, कर किती, घर रिकामं झालं तर तुझी दलाली कोण देणार, कागद कोणत्या भाषेत. कागद तेलुगूत, म्हटल्यावर तिनं वकिलाकडून ओळ न् ओळ हिंदीत वाचून घेतली. दाजी शेजारी बसून होते. त्यांना यादगिरीचं गाव विचारायचं होतं. ते त्यांच्या गळ्यात आलेलं मला दिसत होतं. त्यांनी पाणी पिऊन ते खाली ढकललं.

घर झालं. खाली दोन खोल्या, वर गच्ची, दारात सीताफळाचं झाड. यादगिरीनं भाडेकरू आणला. नरेश, मोबाईलच्या दुकानात कामाला, बायको दवाखान्यात नर्स. आम्ही परत आलो. महिना उलटला, आणि पहिल्या तारखेला आक्काचा मोबाईल टिंग झाला. तिनं भाकरी तव्यावर टाकून फोन उघडला, मला फोन केला, मग पुण्याला लेकीला, मग पुन्हा मला. "आलं रे! न मागता आलं!" भाकरी जळाली. दाजींनी ती जळकी भाकरी कौतुकानं खाल्ली, असं आक्का सांगते.

पण त्यानंतर दाजी खंगायला लागले. साखर बराबर, तब्येत बराबर, तरी खंगायला लागले. मी सुट्टीला गेलो की ओट्यावर मला बाजूला घ्यायचे.

"बाळासाहेब, तो नरेश कोणाचा असंल रे?"

"कोणाचा म्हणजे?"

"अरे, आपल्या घरात माणूस ऱ्हातो अन् त्याची बहीण कुठं दिली ते मला ठाऊक न्हाई! झोप लागंल का? एक फोन लाव. गाव विचारत न्हाई. नुसतं जेवले का म्हणून विचारतो."

"दाजी, आक्का जीव घेईल."

"मंग तिकडं पाऊस पडला का ते तरी बघ तुझ्या मोबाईलवर."

मी बघायचो. निजामाबादला पाऊस पडला की ते समाधानानं म्हणायचे, "गच्ची धुऊन निघाली." जालन्यात पडला का, याची चौकशी त्यांनी केल्याचं आठवत नाही.

करार अकरा महिन्यांचा होता. तो संपला तेव्हा नवा करताना भाडं थोडं वाढवून मागायचं असं आक्कानं ठरवलं आणि आम्ही तिघं निघालो. गाडीत तिनं दाजींना पुन्हा शब्दाची आठवण दिली. "मी बोलणार. तुम्ही फक्त बसायचं." दाजींनी मान हलवली आणि बदनापूरची एक बाई समोर बसली होती, तिच्याकडंही बघायचं टाळलं.

दार नरेशच्या बायकोनं उघडलं. सुमलता. इतके दिवस सगळा व्यवहार यादगिरी आणि नरेशमार्फत, त्यामुळं तिला आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. पोरीला सातवा महिना असावा. तिनं खुर्च्या मांडल्या, पाणी आणलं, आणि खाली वाकताना जरा कळ आल्यासारखं केलं. आक्काच्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई, वाकू नको, वाकू नको!"

"न्हाई मावशी, होतंय मला," पोरगी म्हणाली.

मराठीत.

दाजींनी दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरले. मी देवाचं नाव घेतलं. आणि मग तो प्रश्न आला. पण तो दाजींनी विचारला नाही. ज्या बाईनं त्या प्रश्नापायी राज्य बदललं, तीच पुढं सरकली, पोरीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "गाव कोणतं गं तुझं?"

"आदिलाबादकडलं. पण आई किनवटची."

"किनवटची? कोणाची?"

पोरीनं आडनाव सांगितलं. आक्काच्या थोरल्या जावेचं माहेर किनवट. आडनाव तेच, गल्ली तीच. सुमलताची आई आणि आक्काची थोरली जाऊ सख्ख्या चुलत बहिणी निघाल्या. "म्हणजे मी तुझी खरीच मावशी की गं!" आक्का ओरडली आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. दाजी उठले, गच्चीवर गेले, आणि वरून मला त्यांचं हसणं ऐकू आलं. एवढं मोठ्यानं हसताना मी त्यांना नंतर कधी ऐकलं नाही. खाली आले तेव्हा डोळे पुसत होते. "मी एक शब्द बोललो का? तू साक्षीला आहेस. मी बसून होतो!"

आणि मग आक्काला भाड्याची आठवण झाली.

तिचा चेहरा मी पाहिला. आत्तापर्यंतचा आनंद एका क्षणात उतरला. समोर बहिणीची लेक, तीही पोटुशी. तिच्याकडून भाडं घ्यायचं? आणि नाही घ्यायचं तर गुडघ्यांचं काय, गोळ्यांचं काय, पुण्याच्या दाराचं काय? ती पदराशी चाळा करत म्हणाली, "हे बघ सुमा, आता ते भाड्याचं..."

"न्हाई म्हणू नका मावशी," पोरगी मध्येच म्हणाली. "भाडं घ्यायचं. न्हाईतर आम्ही दुसरीकडं जातो."

"अगं पण पाहुण्यात..."

"पाहुण्यातच तर सांगायली." ती आता आदिलाबादी मराठीत मोकळी सुटली होती. "आम्ही आधी नरेशच्या काकाच्या घरी फुकट ऱ्हायलो. छत गळायचं. बोलता येईना. मोटर बंद, बोलता येईना. फुकट ऱ्हायलं की तोंड शिवून ऱ्हावं लागतं. भाडं दिलं की भांडता येतं. मला भांडायला येतं मावशी, नर्स आहे मी. तुमच्या गच्चीवरची टाकी दोन महिने झाले गळून राह्यली. यादगिरीला सांगून थकले. मी भाडं देते, तुम्ही टाकी बघा."

आयुष्यभर आक्कानं भोकरदनच्या दोन खोल्यांतले पाहुणे सांभाळले होते; त्यांतल्या एकानंही कधी दाजींना मालक म्हटलं नव्हतं की गळकं छत बोलून दाखवलं नव्हतं, आणि तिला वाटायचं की सगळे सुखात आहेत. तिनं पोरीच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "भाडं घेईन. पण वाढवणार न्हाई. अन् बाळंतपणाला डिंकाचे लाडू माझे. त्याचे पैसे काढलेस तर बघ."

नवा करार झाला. यादगिरीला जेवायला बोलावलं. जेवताना दाजींनी आक्काकडं पाहिलं, आक्कानं डोळ्यांनीच मोकळीक दिली, आणि दाजींनी यादगिरीला त्याचं गाव विचारलं. त्याची बहीण कुठं दिली इथपर्यंत पोचायला त्यांना भात वाढेपर्यंतचा वेळ पुरला.

तेव्हापासून ती दोघं वर्षातले कितीतरी दिवस तिकडंच असतात, गच्चीवर पत्र्याची एक खोली टाकून. भोकरदनला ती क्वचितच भेटतात. दाजी म्हटलं की मला दिसते ती मागच्या हिवाळ्यातली सकाळ. मी त्यांना औषधं पोचवायला गेलो होतो. दाजी बनियनवर, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, शिडीवर चढून टाकीला कसलासा लेप थापत होते. अंगावर पाण्याची धार उडत होती. खाली दारात सुमलता, कडेवर लेकरू, दुसरा हात कमरेवर. "मालक! परवाबी असंच केलं, परत गळायलं! भाडं काय गळक्या टाकीचं देऊ का मी? आज व्हायला पाहिजे!"

दाजी शिडीवरून वळले. दाढीतून पाणी निथळत होतं. शेजारच्या तीनचार गच्च्यांवरची माणसं बघत होती, आणि दाजींनी त्या सगळ्यांकडं एकदा नजर फिरवून घेतली. मग मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा फुलला, की त्यांना काय झालं ते मला कळायला एक क्षण लागला.

"ऐकलंस का बाळासाहेब?" ते म्हणाले. "मालक म्हणली मला."

आणि ती आणखी काही बोलेल या आशेनं, हातातला लेप तसाच धरून, ते शिडीवर थांबून राहिले.